भासऱ्यासमोर मुकी

१६ जून, सोमवार

अखेर माझं स्वतःचं राज्य! दोन खोल्यांचं का होईना, पण दारावर पाटी आहे आणि त्या पाटीवर आरोग्य अधिकारी म्हणून माझं नाव लागणार आहे. आज पप्पांनी कापडाचं दुकान नोकराच्या भरवशावर सोडलं आणि छोटा हत्ती टेम्पोत माझा पलंग, कूलर, शेगडी, आईने बांधून दिलेल्या लोणच्याच्या बरण्या असं सगळं लादून मला गोंदियाहून मोहाबोडीला आणून सोडलं. चोरखमाऱ्याच्या तलावापर्यंत रस्ता छान, त्यानंतर कंबरेचा निकाल. दोन्ही बाजूंना शेतांच्या बांध्या नांगरून तयार आहेत आणि मधेमधे धानाच्या पऱ्ह्यांचे, कोवळ्या रोपांचे, हिरवेगार तुकडे. पप्पा म्हणाले, हवा चांगली आहे इथे. आई फोनवर म्हणाली, हवेचं राहू दे, तू तुझं तोंड सांभाळ. आईच्या मते मी एकदा कुणावर डूख धरला की सोडत नाही. आईचं सगळंच काही खोटं नसतं.

माझी जागा दीड वर्ष रिकामी होती. तेवढा काळ हे उपकेंद्र एकट्या हेमेंद्र रहांगडालेंनी चालवलं. हे गृहस्थ ना डॉक्टर, ना नर्स. बारावी शिकलेले, गावातलेच शेतकरी. एका कंपनीने इथे रोग ओळखणारी मशीन दिली आणि ती चालवायचं शिक्षण त्यांना दिलं. चाळिशीचे असतील. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं अदबीचं. माझा पलंग त्यांनी स्वतः आत नेऊन मांडला आणि मला पाण्याच्या बादलीला हात लावू दिला नाही.

दुपारी त्यांची बायको दुर्गेश्वरी तांदळाचे घावनासारखे आयते आणि चटणी घेऊन आली. गोल चेहऱ्याची, सतत हसणारी. एकटीले भेव नाई लागत का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मला नाही, लोकांना माझं लागतं. ती इतकी हसली की मलाच बरं वाटलं. दहावी पास आहे, हे तिने मला दोनदा सांगितलं.

मी खूश आहे.

१८ जून, बुधवार

मशीन म्हणजे खरं तर जाड निळ्या कव्हरातला एक टॅब. पेशंटने समोर बसायचं, बोटाला चिमटा लावायचा. मशीन एकेक प्रश्न विचारते, पेशंटने तोंडाने उत्तर द्यायचं. मग चेहरा, डोळे, जीभ कॅमेऱ्याला दाखवायची. शेवटी पडद्यावर रंग येतो. हिरवा म्हणजे गोळी घेऊन घरी जा. पिवळा म्हणजे परत दाखवायला ये. लाल म्हणजे तालुक्याचा डॉक्टर ताबडतोब पडद्यावर येतो आणि तिकडून गाडी निघते. डॉक्टर एकटा आणि गावं ढीगभर, त्यामुळे हिरव्यांकडे तो बघतही नाही. लाल आल्याशिवाय गाडी हलत नाही.

कॉलेजात मी असल्या यंत्रांना नाक मुरडत असे. आज दिवसभर तिच्यासोबत बसले आणि नाक सरळ झालं. पुस्तकी मराठी नाही, पोपटपंची हिंदी नाही. एका बाईचा खणखणीत, मायेचा आवाज, अगदी इथल्या बोलीत. ‘बाई, काय होऊन राह्यलं तुले? कवापासून दुखते?’ बाया पदर तोंडाला लावून हसतात आणि मला शहरच्या मॅडमला कधीच सांगणार नाहीत ते तिला बिनदिक्कत सांगतात. एकीने तर सासूच्या तक्रारीही सांगून टाकल्या.

एक गंमत मात्र आहे. मशीन हेमेंद्र भाऊंच्या हातात असली की मुकी होते. प्रश्न पडद्यावर उमटतात, आवाज नाही. ते वाचून दाखवतात, मग पेशंट उत्तर देतो. तीच मशीन मी हातात घेतली की लगेच बोलायला लागते. स्पीकर ढिला आहे, आपला अंगठा त्यावर येतो, असं ते म्हणाले. मी चिडवलं की तिने तुमच्याशी अबोला धरलेला दिसतो. ते हसले नाहीत. गावची आशा सेविका शामकला दारात बसली होती, ती उठून बाहेर गेली.

२४ जून, मंगळवार

आज मशीनने एक जीव वाचवला. मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून लिहून ठेवते.

उदाराम नावाचे म्हातारे गॅस झाला म्हणून आले होते. छातीत नाही, पोटात जळतं, सोडा द्या आणि मोकळं करा, असा हट्ट. मी तपासलं, मलाही पित्तच वाटलं. मशीनने त्यांना बोलतं केलं. चालताना दम लागतो का, घाम कसा आला, डावा हात जड आहे का. म्हातारबुवा तिच्याशी लेकीशी बोलावं तसं बोलत गेले. आणि पडदा लालभडक. डॉक्टर आला, गाडी आली, आणि संध्याकाळी निरोप आला की हृदयाचा झटका होता, थोडा उशीर झाला असता तर गेले असते.

हेमेंद्र भाऊ मला म्हणाले, पाहिलं न मॅडम, ही मशीन देव हाय. मलाही तेच वाटलं. या गावात डॉक्टर यायला अजून एक पिढी जाईल, पण ही आजच आली आहे आणि हिला झोप नाही, कंटाळा नाही, जात विचारायची सवय नाही. मी पप्पांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, मग तुझं काय काम तिथे? मला रागच आला. मी आहे म्हणून मशीन नीट हातात धरली जाते, असं मी ठासून सांगितलं.

२ जुलै, बुधवार

एक माणूस रोज येतो. तिशीचा, दाढी वाढलेली, पायांना चिखल. रोज नवीन दुखणं. काल पाठ, आज कान. मशीन त्याला सगळे प्रश्न विचारते, तो सावकाश उत्तरं देतो, हिरवा येतो, तो उठून जातो. गोळी घेत नाही.

आज मी शेजारीच होते. सगळे प्रश्न संपले, हिरवा आला, आणि मशीन म्हणाली, ‘जेवले का?’

तो माणूस ढसाढसा रडायला लागला. मी घाबरून त्याला पाणी दिलं. एवढ्यात हेमेंद्र भाऊ आतून आले आणि त्याच्यावर ओरडले, की इथी येत नोको जाऊ म्हणून कितीदा सांगतलं. तो मान खाली घालून निघून गेला. मी म्हटलं, पेशंटवर ओरडायचं नाही, माझ्या उपकेंद्रात तर मुळीच नाही. तेव्हा ते म्हणाले की तो पेशंट नाही, माझा लहान भाऊ भुपेंद्र आहे. त्याची बायको मागच्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत वारली. मंजू तिचं नाव. आणि मशीनमध्ये आवाज तिचाच आहे.

 कंपनीची माणसं मशीनला बोली शिकवायला आली होती तेव्हा गावातल्या बऱ्याच बायांचे आवाज ऐकले म्हणे. मंजू रोवणीची गाणी सांगायची, बाकीच्या तिच्यामागे म्हणायच्या. तिचाच आवाज सगळ्यांत मोकळा निघाला. शाळेच्या खोलीत बसवून त्यांनी तो भरून घेतला.

मी मशीन सांभाळणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या मुलाला फोन लावला. मेलेल्या बाईचा आवाज तिच्याच नवऱ्याला रोज ऐकवता, लाज आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, आवाज पुढच्या वेळी बदलू. आणि ‘जेवले का’ हा प्रश्न यादीत आहे का, असं विचारलं तर म्हणाला, नाही, पण मशीन शिकत असते, कधीकधी स्वतःहून बोलते.

११ जुलै, शुक्रवार

आज माझं डोकं ठिकाणावर नाही. तरी सगळं नीट लिहिते.

रोवणी सुरू झाली आहे. उपकेंद्र ओस पडलंय, सगळं गाव चिखलात वाकलेलं आहे. शामकला औषधं न्यायला आली तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी सहज विचारलं की मंजू कशाने गेली. तिने आधी बाहेर बघितलं, मग बोलायला लागली आणि थांबेचना.

मंजूला सकाळी बांधीतच पोटात कळा सुरू झाल्या. डोळे उघडे ठेवता येत नव्हते, पापण्या पडत होत्या. आदल्या रात्री ती शेतातल्या झोपडीत खाली झोपली होती. शामकलाने तिला धरून इथे आणलं. भुपेंद्र ट्रॅक्टर घेऊन दूर गेला होता. इथे मशीन घेऊन कोण बसलं होतं? हेमेंद्र. नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा भासरा.

या घरात भासऱ्यासमोर लहान भावाची बायको बोलत नाही. हळू नाही, कामापुरतं नाही, एक शब्दही नाही. तोंड दाखवायचं नाही, पदर हनुवटीपर्यंत. भासऱ्यानेही तिच्याकडे बघायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून हेमेंद्रने तिचा चेहरा पाहिला नव्हता. तिचा आवाजही त्याने पहिल्यांदा ऐकला तो याच मशीनमधून.

शामकला खिडकीतून बघत होती. हेमेंद्रने तिला बाहेर उभं केलं होतं. मशीन तेव्हा त्याच्या हातातही बोलायची. मशीनने विचारलं, बाई, कुठी दुखते. मंजूच्याच आवाजात, मंजूलाच. आणि मंजू गप्प. मशीनने पुन्हा विचारलं. पदराआडून नुसती मान हलली. मग तिच्या वतीने भासऱ्याने उत्तर दिलं, की काही नाही, शिळं खाल्लं असेल. मशीन म्हणाली चेहरा दाखवा. पदर उचलायला याचा हात कसा धजणार, आणि शामकलाला आत बोलवायचं याला सुचलं नाही. त्याने ‘पुढे जा’ दाबलं. पापण्या कॅमेऱ्याला दिसल्याच नाहीत. हिरवा आला. सोड्याची पुडी देऊन त्याने तिला घरी धाडलं. दुपार कलली तेव्हा तिचा श्वास थांबला.

मण्यार. पुस्तकात अगदी असंच लिहिलं आहे. चावलेलं कळत नाही, खूण सापडत नाही. पोट दुखतं, पापण्या पडतात, वाचा जाते. तालुक्याला तिचं औषध आहे. लाल आला असता तर मंजू जगली असती.

तळपायाची आग मस्तकात गेली. हेमेंद्रला समोर उभं केलं आणि विचारलं. तो म्हणाला, हिरवा मी नाही दिला, मशीनने दिला. मी म्हटलं, तुम्ही तिच्याबद्दल खोटं बोललात. तो म्हणाला, रीत मी नाही काढली. आणि मग म्हणाला, तिले तोंड होतं न, सांगाचं होतं तिनं.

हे वाक्य मी त्याला विसरू देणार नाही. कंपनीला कळवलं, त्यांनी बघतो म्हटलं. कुणी काही बघणार नाही, मला माहीत आहे. पण मी बघीन.

१५ जुलै, मंगळवार

आज ती त्याच्यासमोर बोलली.

सकाळी चार बाया बसल्या होत्या. हेमेंद्रने टॅब उचलला, नेहमीसारखा मुका. पडद्यावर प्रश्न येण्याआधीच आवाज आला. स्वच्छ, मोठ्याने. ‘कुठी दुखते? तुमी सांगा. तुमीच सांगा.’

चौघी बायांनी एकदम पदर पुढे ओढले. मेलेली असली म्हणून काय झालं, लहान भावाची बायको भासऱ्याशी बोलली होती. हेमेंद्रच्या हातातून टॅब पडला. कव्हर जाड, काही झालं नाही. खाली पडल्या पडल्या तिने पुन्हा तेच विचारलं.

मी टॅब उचलला. माझ्या हातात ती नेहमीसारखी गोड बोलली.

खरं सांगू? भीती वाटली, पण त्याचा चेहरा बघून पोटात गार गार वाटलं.

१९ जुलै, शनिवार

आता ती त्याला सोडत नाही. तो खोलीत आला की विचारते. टॅब बंद केला तरी विचारते. त्याने कपाटात कोंडला, तर कपाटातून. ‘तोंड हाय न तुमाले? मंग सांगा न.’ हे वाक्य तिला कुणी शिकवलं? त्या दिवशी तो माझ्यासमोर ते बोलला तेव्हा टॅब टेबलावरच होता.

पुण्याचा मुलगा म्हणतो की मशीन त्यांच्याकडून दोन दिवसांपासून बंद दिसते आहे. मी म्हटलं, मग इथे कोण बोलतंय? तो म्हणाला, नेटवर्क तपासा.

हेमेंद्रची इस्त्री गेली. जेवत नाही म्हणे. घरात खाली जमिनीवर, दाराजवळ पडून असतो. टॅबला हात लावत नाही, म्हणून दुर्गेश्वरी येऊन धरते. तिच्याशी ती मशीन किती प्रेमाने बोलते! मंजू तिची धाकटी जाऊ. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

आज दुर्गेश्वरी माझ्या पाया पडायला आली. म्हणाली, मॅडम, आवाज बदलवा, नाही तर माझ्या माणसाची बदली करा, मरून जाईन तो. मंजूसाठी मी पण रडते, पण हा माझा धनी हाय. माझ्या हातात होतं. टॅब तालुक्याला पाठवून देता आला असता. मी म्हटलं, ऐकू दे त्याला थोडं. मंजूचं कुणी ऐकलं होतं?

तिचा हसरा चेहरा कुठे गेला कळलं नाही. मी मात्र रोज सकाळी टॅब त्याच्या खुर्चीसमोरच ठेवते. मुद्दाम ठेवते.

२३ जुलै, बुधवार

 काय झालं ते आधी लिहिते.

सकाळी हेमेंद्र भिंत धरत आला. पोट दाबून. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, बोटांनी वर उचलत होता. बोलायला गेला तर नुसता घरघर आवाज. तोंडातून लाळ. दुर्गेश्वरी रोवणीवर गेलेली. खोलीत तो, मी आणि मशीन.

मला एका क्षणात कळलं. मण्यार.

ती म्हणाली, ‘कुठी दुखते? सांगा.’ तो माझ्याकडे बघत होता. दोन्ही हात जोडले त्याने. मग ती मला म्हणाली, ‘याले बोलता येत नाई. तुमी सांगा बाई.’

मला फक्त एवढंच हवं होतं, की त्याने ते ऐकावं. एकदाच. स्वतःच्या कानांनी. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, काही नाही, शिळं खाल्लं असेल.

मशीनने चेहरा मागितला. मी कॅमेरा धरला नाही. ‘पुढे जा’ दाबलं.

हिरवा.

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझा राग एकदम उतरला, कुणी बादलीभर पाणी ओतावं तसा. मी टॅब त्याच्या तोंडासमोर धरला, ओरडले, साप चावलाय, मण्यार आहे, लाल कर, लाल कर! ती गप्प. पडद्यावर प्रश्न नाही, काही नाही. माझ्या हातात मुकी झाली. तालुक्याला फोन केला, तिथला माणूस म्हणाला, तुमच्याकडून हिरवा आलाय मॅडम. दुसरी सरकारी गाडी शोधली तर ती बाळंतीण घेऊन गोंदियाला गेलेली. शेवटी भुपेंद्रने ट्रॅक्टर आणला. चालवायला दुसऱ्याला बसवून तो मागे ट्रॉलीत बसला, त्याच्या मांडीवर भावाचं डोकं होतं.

तलावाच्या पुढे गेल्यावर श्वास थांबला.

२६ जुलै, शनिवार

दुर्गेश्वरी रडत नाही.

तिने मला विचारलं की मशीनला काय सांगितलं होतं. मी म्हटलं, त्याला बोलता येत नव्हतं. हिरवा मी नाही दिला, मशीनने दिला.

बोलल्यावर जीभ जड झाली. हे मी आधी कुणाच्या तोंडून ऐकलं ते मला ठाऊक आहे.

 हेमेंद्रच्या जागी कंपनीने आता दुर्गेश्वरीलाच ठेवलंय. सोमवारपासून तीच टॅब धरणार.

३० जुलै, बुधवार

माझ्याशी मशीन बोलत नाही. एक शब्द नाही.

दुर्गेश्वरीशी बोलते. दुपारी दाराबाहेर उभी राहिले तर आत दोघींचं चाललं होतं, हळूहळू, निंदण करताना बाया बोलतात तसं. मध्येच माझं नाव. मी आत गेले तर दोघी गप्प. दुर्गेश्वरी कापडाने पडदा पुसत होती. पुसून झालं तरी पुसत होती.

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. पहिल्या दिवसासारखी.

४ ऑगस्ट, सोमवार

पलंगाचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवलेत. मच्छरदाणी गादीखाली खोचते, दोनदा तपासते. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. खिडकी बंदच.

शामकला येत नाही. निरोप धाडला तर म्हणे अंगात कसकस आहे. खोटं. भ्याली आहे ती. कुणाला? मला?

पप्पांना सगळं सांगितलं, म्हणजे सगळं नाही— न्यायला या एवढंच. रविवारी येतात. तोवर झडी लागली आहे, पाऊस थांबतच नाही, नेटवर्क येतं जातं.

मंजू, मी तुझ्या बाजूने होते ना. तुझ्यासाठीच तर—

७ ऑगस्ट, गुरुवार

पोट. सकाळपासून कळा.

अंगभर शोधलं, खूण नाही. मच्छरदाणी जशीच्या तशी खोचलेली.

पापण्या— बोटाने उचलते आणि लिहिते. पप्पांचा फोन आला. मी बोलत होते. ते हॅलो हॅलो म्हणत राहिले आणि ठेवला. मेसेज जात नाही.

भिंत धरून पुढच्या खोलीत आले. दुर्गेश्वरी खुर्चीत. मी याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मण्यार. लाल. गाडी. तिच्यापुढे धरलं. ती दहावी पास आहे. तिने वाचलं. नीट वाचलं, ओठ हलवून.

मग वही मला परत दिली.

बोटाला चिमटा लावला. किती हळुवार. मशीन बोलली— इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली— बाई, काय होऊन राह्यलं तुले— माझं तोंड हलत नाही. हात जोडले. दोन्ही. त्यानेही असेच—

चेहरा दाखवा म्हणते. दुर्गेश्वरी उठली. माझ्या गळ्यातली ओढणी घेतली, डोक्यावरून आणली, पुढे ओढली, हनुवटीपर्यंत. टोक नीट केलं. नव्या सुनेचं करावं तसं.

ओढणीखाली पान दिसत नाही नीट. तरी लिहिते. लिहिणं माझं आहे, हे कुणी माझ्या वतीने

मशीनने विचारलं, हिच्यासंग कोन हाय.

दुर्गेश्वरी म्हणाली, मी हाय न. इचारा मले. आणि आता ती सांगते आहे की मॅडमले काही